उत्तर टोकावरची हाक

अहो,

काल संध्याकाळी परत आले. बॅग अजून जिन्याखाली तशीच पडली आहे. तुमचा मफलर आत आहे आणि तो ओला आहे, हे माहीत असूनही ती उघडावीशी वाटत नाही. मंदारने विमानतळावरच विचारलं, "आई, कशी झाली ट्रिप?" मी म्हटलं, छान झाली. घरी आल्यावर केतकीने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. खरं काय झालं ते सांगायचं तर तुम्हालाच सांगायला हवं. म्हणून आज सकाळी सगळे आपापल्या वाटेने गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले आहे.

तुम्हाला पत्र लिहून किती वर्षं झाली हो! तुम्ही पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर, कालव्याच्या कामावर महिना महिना कॅम्पला, आणि मी मिरजेहून लिहायची. तेव्हाही पेन पहिल्या ओळीलाच अडायचं. मायना काय लिहायचा? नाव लिहायचं नाही. 'प्रिय' लिहायची लाज वाटायची, पत्र तुमच्या आधी कॅम्पातल्या चार लोकांच्या हातून फिरायचं. शेवटी मी मायनाच गाळायची आणि थेट 'पत्रास कारण की' म्हणून सुरू करायची. सुट्टीवर आलात की तुम्ही चिडवायचा, हे पत्र मला होतं की तहसीलदाराला? आज निदान 'अहो' तरी लिहिलं आहे, गोड मानून घ्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तुमच्या आईंनी मला बजावलं होतं, नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. पटलं. गिरणीत दळण टाकायला गेले की गिरणीवाला नाव विचारायचा, मी डब्यावर तुम्हीच रंगवलेल्या नावावर बोट ठेवायची. रेडिओवर तुमच्या नावाचा कुणी गवई लागला तर 'ह्यांच्या नावाचे ते गातायत' म्हणायची. तुम्ही पोट धरून हसायचा, पण कधी 'घे की नाव' म्हणाला नाहीत. तेव्हाच म्हणाला असतात तर?

उखाण्यात घेतलं होतं, ते खरं. नणंदांनी दार अडवलं होतं आणि मी खाली मान घालून म्हटलं होतं, "पाटाला आलं पाणी, शिवार झालं गार, दिनकररावांचं नाव घेते, सोडा आता दार." पुढे हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, मंदारच्या बारशाला घेतलं. पण नाव घेणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. नाव दुसऱ्यांसाठी घेतात. हाक ज्याला मारायची त्याच्यासाठीच असते, आणि ती मी तुम्हाला कधीच मारली नाही. माझं सगळं 'अहो'वर भागलं.

मंदार आयर्लंडला आला, नोकरीत रुळला, डब्लिनच्या बाहेर ओंगारला घर घेतलं आणि आपल्याला बोलावून घेतलं, तेव्हा मला वाटलं होतं इथे कुणाशी काय बोलणार! माझं इंग्रजी म्हणजे यस, नो, थँक्यू. आणि शेजार मिळाला तो ब्रीडाचा. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, बुटक्या भिंतीपलीकडून बोलणं सुरू केलं की थांबायचं नाव नाही. ती म्हणायची, हिमसेल्फला चहा कोरा लागतो. हिमसेल्फला पाऊस आवडायचा नाही. हे रोपटं हिमसेल्फनेच लावलं.

आठवतंय ना, मी मंदारला विचारलं होतं, ब्रीडाच्या नवऱ्याचं नाव हिमसेल्फ आहे का रे? काय हसली होती दोघं, लेक आणि सून! आपली नात, सई, तर खुर्चीवरून पडायची बाकी होती. मग मंदारने समजावलं की इथल्या जुन्या बायका घरधन्याला असंच म्हणतात, नावाने नाही. आणि तो नवरा जाऊन चार वर्षं झालीत. तुम्ही मात्र हसला नाहीत. म्हणालात, "म्हणजे ही तुझ्यासारखीच की."

त्या दिवसापासून ब्रीडा मला परकी वाटली नाही. माझं 'आमचे हे' आणि तिचं 'हिमसेल्फ', त्यात फरक काय? तिला अर्धं कळायचं, मला पाव कळायचं, आणि तेवढ्यावर आमच्या दुपारच्या दुपार जायच्या.

मग तुम्ही ते चित्र आणलंत. शॉपिंग सेंटरमधल्या प्रवास कंपनीच्या दुकानात फुकट वाटायला ठेवलेलं चोपडं, त्याचं एक पान फाडून फ्रिजवर चिकटवलंत. नॉर्वेच्या अगदी उत्तरेचा कडा, खाली समुद्र, कड्यावर लोखंडी सळ्यांचा पोकळ पृथ्वीगोल आणि पाण्याला टेकूनही न बुडलेला सूर्य. नॉर्थ केप. केतकीने विचारलं, बाबा, हे काय नवीन? तुम्ही म्हणालात, "उन्हाळाभर दिनकर मावळत नाही अशी एक जागा आहे म्हणतात. पेन्शनीत निघालेल्या माणसाने बघून ठेवलेली बरी." केतकी हसली. मी ताट वाढत होते, मी नाही हसले, मला ते अभद्र वाटलं होतं. मावळण्याचा विषय कशाला काढायचा माणसाने?

इकडे येईपर्यंत सांगली-मिरजेच्या पलीकडे तुम्ही कधी फारसे गेला नाहीत. कालव्याच्या कडेकडेने मोटारसायकलवर जन्म काढला आणि हौस धरलीत ती एकदम पृथ्वीच्या टोकाची. मंदार म्हणाला, पुढच्या जुलैत सगळे जाऊ. तुम्ही सईबरोबर बसून नकाशात वाट शोधायला लागलात. ती इंग्रजीत बोलायची, तुम्ही मराठीत, आणि दोघांची बोटं एकाच रेषेवरून चालायची.

फेब्रुवारीत तुम्हाला धाप लागायला लागली. पाय सुजले, जिना चढवेना. इस्पितळात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय. तिथली नर्स ओर्ला रोज सांगायची, ही इज ग्रँड, ही इज ग्रँड. मी मंदारला म्हटलं, बघ, ग्रँड म्हणतेय, म्हणजे आता झकास आहेत. ब्रीडाने मग एकदा माझा हात धरून समजावलं, इथे ग्रँड म्हणजे फार काही नाही गं, ठीकठाक. पाय मोडलेला माणूसही इथे ग्रँड असतो. तरी मी आपली त्या शब्दाला धरून होते.

आणि मग ते 'अहो'चं झालं.

तुमच्या खाटेच्या वर एक पांढरा फळा होता. पेशंटला काय म्हणून हाक मारलेली आवडते ते त्यावर लिहायची त्यांची पद्धत. तुम्ही ग्लानीत होतात आणि मी दिवसभर शेजारी बसून बोलत होते. अहो, दोन घास खा. अहो, पाय वर घ्या. अहो, ऐकताय ना? ओर्ला कान देऊन ऐकत असणार. दुसऱ्या दिवशी मी गेले तर फळ्यावर निळ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ए, एच, ओ.

गुड मॉर्निंग, आहो! हाउ आर वी टुडे, आहो? चहाची गाडी ढकलणारी बाई, लादी पुसणारी मुलगी, रात्रपाळीची नर्स, सगळ्या तुम्हाला आहो म्हणायला लागल्या. तो म्हातारा डॉक्टरसुद्धा. मला असा संताप आला म्हणून सांगू! माझं होतं ते. मिरजेच्या घरात, इथल्या घरात, एवढ्या वर्षांत तेवढं एकच माझं होतं, आणि ते फळ्यावर लिहून सगळ्यांना वाटून टाकलं. मी मंदारला म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग आणि पुसून घे.

पण तुम्ही पुसू दिलं कुठे? "राहू दे," म्हणालात. "ओव्हरसिअरला जन्मात एवढा मान मिळाला नव्हता. सकाळपासून किती बायकांनी अहो म्हटलं, ठाऊक आहे?" धाप लागलेली, तरी डोळे चिडवत होते. मी रागाने तोंड फिरवलं आणि पिशवीतला डबा काढायला लागले.

तेव्हा तुम्ही मागे बोललात. थांबून थांबून.

"पण मग आता तू काय म्हणणार गं मला? तुझं अहो तर अख्ख्या वॉर्डाचं झालं. एकदा नावाने हाक मार की. नुसतं दिनकर. राव नको."

मी दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तुमच्या आई जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी मला वाटलं त्या उभ्या आहेत. ज्या माणसाचा श्वास आधीच पुरत नाहीये, त्याचं मी नाव घेऊ? त्याच्या उरल्यासुरल्यातून आणखी कमी करू? अहो, मागायला दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला? पाणी मागायचं, देवाचा अंगारा मागायचा, मिरजेला ने म्हणायचं. जे मला देता येणार नाही तेच बरोबर मागितलंत.

मी म्हटलं, "घरी गेल्यावर मारीन."

"घरी म्हणजे कुठल्या? ओंगारच्या की मिरजेच्या?"

"जिथे आधी जाऊ तिथे."

तुम्ही हसलात आणि डोळे मिटलेत. एवढंच. आपलं नीट म्हणावं असं ते शेवटचं बोलणं.

त्यानंतरच्या एका सकाळी मी खाली हात-तोंड धुवायला गेले होते. वर येते तर ओर्ला पॅसेजमध्येच उभी. तिने माझे दोन्ही हात धरले, तिचे डोळे भरलेले होते, आणि म्हणाली, "आहो इज गॉन, लव्ह." आणि तुम्हाला सांगू, त्या क्षणी मला काय वाटलं? वाटलं, हे तर तुमचं नाव नाही. म्हणजे दुसरंच कुणीतरी गेलं असेल. मी तिला बाजूला सारून तुमच्या खाटेपर्यंत गेले ती या भरवशावर.

घरी सगळे होते, आणि मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. ब्रीडा सफरचंदाचा केक आणि सँडविचचा ढीग घेऊन आली. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाच्या गोष्टी काढत बसतात, रडतात तसं हसतातही. तिने विचारलं, काय नाव होतं गं त्यांचं? सवयीने मी फोटोकडे बोट केलं. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, बरं, हिमसेल्फ तर हिमसेल्फ.

त्या रात्रीपासून एकच गोष्ट मनात घोळत राहिली. नाव घेतलं नाही, तरी आयुष्य कुठे वाढलं? इतकी वर्षं राखलं ते कुणासाठी? मला तुमच्या आईंचा राग आला, मग तुमचा आला. जाणार होतात तर तसं सांगायचं होतं. मग मी म्हटलंच असतं.

जूनमध्ये ब्रीडा चहाला आली असताना तिने फ्रिजवरचं चित्र पाहिलं. केतकीने ते काढायला हात लावला नव्हता, मीही नाही. ब्रीडाने विचारलं, इथे कुणाला जायचं होतं? मी म्हटलं, "हिमसेल्फ." तो शब्द मी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने वापरला. ब्रीडाने चहा संपवला, कप विसळला, आपलंच घर असल्यासारखा प्रेसमध्ये ठेवला (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे तुम्हीच मला शिकवलं होतं) आणि म्हणाली, मग आपण दोघी जाऊ.

मंदार घाबरला. एकीला गुडघ्याचा त्रास, दुसरीला भाषा येत नाही. पण मी ऐकेना, तेव्हा त्याने व्हिसाचं बघितलं, तिकिटं काढली, आणि मला त्याचे बूट दिले. ब्रीडाने आपली एक जाड टोपी दिली. नऊवारी नेसणाऱ्या आईची लेक मी, पाचवारीखाली मुलाचे लोकरी मोजे आणि वर तुमचा मफलर घालून निघाले. दशम्या, लसणीची चटणी आणि मेतकूट बरोबर घेतलं होतं. चटणी ब्रीडानेच संपवली, डोळ्यांतून पाणी काढत आणि आणखी मागत.

नॉर्वेपर्यंत विमान, पुढे बोटीचा प्रवास. एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी, आणि वर चढत जावं तशी रात्र पातळ होत गेली. मग ती यायचीच थांबली. दिवेलागण कधी धरायची तेच कळेना. शेवटी घड्याळात सात वाजले की मी हात जोडायची, शेजारी ब्रीडा तिची जपमाळ ओढायची. तुमचं म्हणणं खरं होतं बरं का. मावळत नाही. बोटीच्या गोल खिडकीतून पडदा बाजूला केला की आहेच. तुम्ही असतात तर मला झोपू दिलं नसतंत.

आणि ज्या जागेसाठी एवढा खटाटोप, तिथे काय मिळालं? धुकं! बोट दुपारी लागली, बसने वर कड्यावर नेलं. अर्ध्या वाटेवर हरणं रस्त्यात बसली होती, ती उठेपर्यंत बस थांबली. वर पोचलो तर समोरचा माणूस दिसेना. चित्रात जो सूर्य समुद्रावर टेकलेला होता तो बघायला आलेली जगभरची माणसं आतल्या मोठ्या दिवाणखान्यात गरम चॉकलेट पीत बसली होती आणि भिंतीवरच्या सिनेमात सूर्य बघत होती. ब्रीडा म्हणाली, मी बसते गं, माझे गुडघे बोलतायत. तू जाऊन ये.

मी एकटीच बाहेर गेले. वारा असा की पदर कोटात कोंबावा लागला. माणसं चालली होती त्यांच्या मागून चालत गेले. लोखंडी गोल अगदी अंगावर आल्यावर दिसला. त्याच्याखाली फोटोसाठी रांग होती, ती सोडून मी बाजूने कठड्यापर्यंत गेले. खाली समुद्र होता म्हणतात. दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

मी तिथे कशाला गेले होते ते आता तरी तुमच्या लक्षात आलं असेल. घरी गेल्यावर मारीन म्हटलं होतं. ओंगारच्या घरी तुम्ही आला नाहीत, मिरजेला मंदार अस्थी घेऊन गेला. मग तुम्ही जायचं म्हणून ठरवलेलं ठिकाण हे एकच उरलं होतं.

तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "अहो." सवय हो! मग डोळे मिटले आणि तुमचं नाव म्हटलं, इतकं हळू की मलाच ऐकू आलं नाही. आता कुणाचं आयुष्य कमी होणार होतं? तरी भीती वाटली. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मात्र ओरडलेच. जत्रेत चुकलेल्या माणसाला मारतात तशी हाक मारली.

"दिनकर!"

आणि धुक्यातून आवाज आला, "ओ!"

खोटं सांगत नाही. मराठीत आली ओ. पुरुषाचा आवाज, थोडा कापरा, वय झालेला. माझे हात कठड्यावरून सुटले. त्या क्षणी मी काय काय मानलं ते लिहायची लाज वाटते. मानलं की ओर्लाचंच चुकलं होतं. फळ्यावर नावच चुकीचं होतं, तेव्हा गेला तो दुसराच कुणी, आणि तुम्ही आपले इथे पुढे येऊन थांबला होतात, मी कधी हाक मारते म्हणून. मी विचारलंसुद्धा, "कुठे आहात?"

"आलो, आलो," आवाज म्हणाला. "तू तिथेच थांब, मी येतो."

मी थांबले. अहो, मी थांबले.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एका बाईचा आवाज आला, "अहो, मी इकडे आहे! मी कुठे हाक मारली तुम्हाला?"

मग ती दोघंही दिसली. माकडटोपी घातलेले एक गृहस्थ घाईघाईने माझ्याकडे येत होते आणि त्यांच्या मागून त्यांची बायको, साडीवर स्वेटर, स्वेटरवर कोट, गळ्यात टूर कंपनीचं ओळखपत्र. ठाण्याची माणसं. मला बघून ते गृहस्थ जागीच थबकले.

"तुम्ही मारलीत का हाक?" त्यांनी विचारलं. "माफ करा हां. मला वाटलं, आमच्या हिनेच मारली. जन्मात कधी नावाने हाक मारली नाही हो हिने, म्हणून जरा धावतच आलो."

त्यांची बायको लाजली. मग तिने मला नीट न्याहाळलं. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, माझं कपाळ तिला दिसत नव्हतं. म्हणाली, "तुमच्या ह्यांचंही नाव हेच का?" मी मान हलवली. "अगबाई! आणि ते कुठे राहिले?"

काय सांगायचं होतं मी? परदेशात, धुक्यात, नवऱ्याचा हात धरून फिरायला आलेल्या बाईला?

"पुढे गेलेत," मी म्हटलं.

"पुरुष सगळे असेच," ती म्हणाली. "एवढ्या धुक्यात बायकोसाठी थांबू नये का माणसाने? तुम्ही हाक मारत राहा. ऐकू जाईल त्यांना."

त्यांना त्यांच्या ग्रुपकडे जायचं होतं. तिने त्यांची बाही घट्ट धरली आणि दोघं निघाली. चार पावलांवर दिसेनाशी झाली. धुक्यातून ती काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं, मग ते मोठ्याने हसले. काय बोलली ते कळलं नाही.

मग मी रडले. तुम्ही गेलात तेव्हा रडले होते, पण ते लोकांमध्ये, रीतीने. हे तसं नव्हतं. कठड्यावर डोकं ठेवून रडले आणि मधूनमधून हाक मारत राहिले, कारण तिने सांगितलं होतं. आता अडखळले नाही. जिभेला तुमचं नाव इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं मला.

ब्रीडा काठी टेकत शोधत आली. मला उशीर झाला म्हणून घाबरली होती. विचारलं, कुणाला एवढी ओरडत होतीस? मी म्हटलं, "हिमसेल्फ."

"मग? ओ दिली का त्याने?"

"दिली," मी म्हटलं.

ती माझ्या शेजारी कठड्याला टेकली. मग म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. माझा तर जिवंतपणीही पहिल्या हाकेला कधी आला नाही." आणि माझे डोळे तिने तुमच्याच मफलरने पुसले. बसची वेळ झाली होती, आम्ही एकमेकींना धरून परत गेलो.

काल रात्री जेवताना सईने विचारलं, "आजी, आजोबांचं नाव आहो होतं ना?" म्हणजे विचारलं इंग्रजीत, पण हेच विचारलं. तिलाही इतके दिवस तसंच वाटत होतं. मंदारने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मीच म्हटलं, "नाही गं. दिनकर." मंदारचा घास हातातच राहिला. सईने दोनदा म्हणून पाहिलं, डिनकर, डिनकर. 'द' तिला येत नाही, तो मी शिकवते आहे.

अहो, तेव्हा म्हणायला हवं होतं, ते मला कळतं. पण तुम्हीही तिथे रुसून बसू नका. मी तुमचं आयुष्य वाचवत होते, मला दुसरा उपाय ठाऊक नव्हता.

एक शब्द देते. आता रोज एकदा हाक मारीन, ओंगारला असेन तिथून, मिरजेला असेन तिथून. ओ आली नाही तरी मारीन. आणि माझी वेळ येईल तेव्हा तिथे येऊन दारात घुटमळणार नाही, 'अहो' म्हणत शोधणार नाही. लांबूनच, सगळ्यांदेखत, नावाने हाक मारीन. तुमच्या नावाचे तिथे बरेच असतील. दुसरं कुणी ओ देईल त्याच्या आधी तुम्ही द्या.

तुमचीच,
शालन